दोनदा खात्री

धामणजाईत माणूस मेला, तरी सुमनताईंनी सांगितल्याशिवाय तो मेला असं कुणी धरत नसे. डॉक्टर सांगोत, घरचे रडोत. ग्रामपंचायतीच्या भोंग्यातून तीनदा "ऐका" आलं आणि पाठोपाठ नाव आलं, की मगच लोक हातातलं काम टाकून टॉवेल खांद्यावर घेत. चाकणच्या एमआयडीसीला खेटून असलेलं आमचं गाव. मी इथल्या पंचायतीत एकतीस वर्षं क्लार्क आहे. माझ्यासमोरून सात सरपंच गेले, निम्मी शेतं कंपन्यांच्या कुंपणात गेली. सुमनताई मात्र माझ्या टेबलामागं, लोखंडी कपाटाशेजारच्या स्टुलावर, माईकपुढं बसलेल्या असत.

नवरा पंचायतीचा शिपाई. तळेगाव रस्त्यावर कंटेनरनं त्याला सायकलीसकट चिरडलं, तेव्हा पंचायतीनं त्याची जागा बाईला दिली. पदरात एक मुलगी, तेजस्विनी. शिक्षण नववी. नवरा माईकवर अर्धे शब्द गिळायचा. बाईनं पहिल्याच दिवशी "उद्या पाणी सहाऐवजी साडेसातला येईल" एवढं एकच वाक्य इतकं स्वच्छ सांगितलं, की बाया कोण बोलतंय ते बघायला ओट्यावर आल्या. आवाज गोड नव्हता. गोड आवाजावर भरवसा ठेवतो कोण? कोरडा, सावकाश, प्रत्येक अक्षर पुरतं उच्चारणारा आवाज होता तो.

त्यांचा एक नियम होता: दोनदा खात्री, एकदा बोलणं. त्याला कारण घडलं होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कुणीतरी फोन करून सांगितलं, की वरच्या आळीतला म्हातारा पिंपरीच्या दवाखान्यात गेला. ताईंनी लगेच सांगून टाकलं. सरण रचलं गेलं, पाहुणे जमले, आणि म्हातारा संध्याकाळी रिक्षातून उतरला. पुढं चार वर्षं जगला आणि येता-जाता ऑफिसात डोकावून विचारायचा, "आज काय, मी हाय का गेलो?" गाव हसलं, ताई हसल्या नाहीत. त्या दिवसापासून दोन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्या माईकचं बटण दाबत नसत. सरपंच ओरडला तरी नाही. मी त्यांची टिंगल करायचो, की ताई, उद्या सूर्य उगवला हेसुद्धा दोघांना विचारूनच सांगाल. त्या म्हणायच्या, विचारायला काय लागतंय, आबाभाऊ?

गाव वाढलं. आमच्या मतदारयादीत अडीच हजार नावं आणि राहतात बारा हजार. गोठे पाडून दहा बाय दहाच्या खोल्यांच्या रांगा उठल्या. त्यांत लातूर, नांदेड, बिहार, ओडिशा, सगळीकडची पोरं. एका खोलीत सहा-सहा, शिफ्टप्रमाणं आळीपाळीनं झोपणारी. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी. त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते, आणि कुणाला काही काम नसतं.

ह्याच गर्दीवर ओंकारचं दुकान चालायचं. ओंकार म्हणजे सरपंच नानासाहेबांचा पुतण्या. जमीन विकून झाली होती, बुलेट घेऊन झाली होती, मग त्यानं मोबाईलवर 'धामणजाई लाइव्ह' नावाचं चॅनेल काढलं. सुरुवातीला सुमनताईंच्याच घोषणा रेकॉर्ड करून टाकायचा. मग वाढदिवस टाकायला लागला. मग हायवेवरचे अपघात. ॲम्ब्युलन्सच्या आधी हा हजर. आणि गेल्या वर्षी जूनमध्ये त्याला मुलं पळवणारी टोळी सापडली. टोळी म्हणजे कुठल्यातरी परप्रांतातले जुने व्हिडिओ, वर लाल अक्षरांत 'सावधान, चाकण परिसरात शिरकाव'. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी रोज बघायचो, खोटं कशाला बोलू? जेवताना बघायचो आणि मंजुषेला, म्हणजे माझ्या बायकोला, दाखवायचो.

सुमनताईंनी त्याला एकदा विचारलं होतं, की खात्री केलीस का रे. तो हसला. म्हणाला, काकू, चाळीस हजार लोकांनी बघितलंय, आणखी कसली खात्री?

आता केसवाल्यांचं सांगतो, कारण पुरुषांना ह्यातलं फारसं ठाऊक नसतं. बाई डोकं विंचरते, फणीत गुंतवळ येते. ती कुणी फेकत नाही. खिडकीतल्या बिस्किटाच्या डब्यात नाहीतर दुधाच्या पिशवीत साठवून ठेवतात. वर्षातून दोनदा "केसावर भांडीऽऽ" अशी हाळी येते, आणि मूठभर केसांवर पळी, चाळणी, डबी असं काहीतरी मिळतं. सोबतच्या पोराला फुगा. आमच्या गावात बारा वर्षं परभणीकडचा चिमाजी यायचा. पांढऱ्या मिशांचा, तीनचाकी टेम्पो, बरोबर दोन मुलगे आणि जावई. चूल आणि खिडकी ह्यांच्यामधला हा व्यवहार. घरधन्याला पळी नवी दिसली तरी तो विचारत नाही.

ज्या गुरुवारी सगळं घडलं, त्या सकाळी ते आमच्या आळीत होते. सुमनताईंनी ऑफिसला येता-येता आपली पिशवी दिली आणि झाकणाची एक स्टीलची डबी घेतली. ती डबी दिवसभर माझ्या टेबलावर होती. ताईंचे केस कमरेपर्यंत, निम्मे पिकलेले. मंजुषेनंही दिले. आणि आमच्या घरातून आणखी एक वस्तू गेली. माझी मुलगी तनुजा हिंजवडीला नोकरीला लागली आणि तिनं पहिल्याच महिन्यात केस खांद्याइतके कापून घेतले. कापलेली वेणी तिच्या आईनं जपून ठेवली होती, हिरवी जरीकाठी रिबन बांधलेली, शाळेत घालायची तीच. त्या वेणीवर चिमाजीनं कढई दिली. चांगली जाड बुडाची कढई आहे.

अकराच्या सुमारास नानासाहेबांच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. त्यांचा नातू गणराज, वय वर्षं चार, दिसेना. दहा मिनिटांत ओंकार ऑफिसात आला. हातात मोबाईल, कपाळावर घाम. म्हणाला, मूल पळवलंय, केसवाल्यांच्या वेशात टोळी आलीय, ताबडतोब सांगा. कागदावर मजकूरही लिहून आणला होता.

ताई म्हणाल्या, चिमाजी तसा न्हाई. बारा वर्षं येतोय.

ओंकारनं मोबाईल पुढं केला. त्यावर बातमी होती: 'धामणजाईत बालक गायब, केस घेणाऱ्या टोळीवर संशय'. ताईंनी ती दोनदा वाचली. ही झाली पहिली खात्री. मग त्यांनी नानासाहेबांना फोन लावला. नानासाहेब म्हणाले, "व्हय, खरं हाय, आत्ताच मोबाईलवर आलंय." ही झाली दुसरी.

बातमी ओंकारनं पाच मिनिटांपूर्वी आमच्याच जिन्यात उभं राहून टाकलेली होती. नानासाहेबांनी वाचली तीही तीच. माणसं दोन, पण बोलणारं तोंड एकच. पंधरा वर्षं जो नियम बाईनं डोळ्यांत तेल घालून पाळला, तो तिथं अक्षरशः पाळला गेला आणि कवडीचा उपयोग झाला नाही. हे मला तेव्हाच दिसलं होतं का? दिसलं होतं. मी जिन्यात त्याला टाइप करताना पाहिलं होतं. पण नानासाहेबांचा नातू, ओंकार त्यांचा पुतण्या, आणि मी क्लार्क. मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

ताईंनी ओंकारच्या कागदावरचं 'टोळीला धडा शिकवा' खोडलं. स्वतःच्या शब्दांत सांगितलं: ऐका, ऐका, ऐका. सरपंचांचा नातू गणराज, वय चार, सापडत नाही. केस घेणारे गावात आहेत. त्यांचा टेम्पो दिसल्यास अडवून ठेवावा. बटण बंद करून त्या मला म्हणाल्या, अडवला म्हणजे विचारता येईल, गैरसमज मिटेल. 'अडवून ठेवावा' ह्या दोन शब्दांना त्या पुढं कितीतरी महिने धरून बसल्या होत्या. मी तर काय सांगितलं, अडवा एवढंच ना, असं विचारायच्या.

टेम्पो वजनकाट्यापाशी अडवला. हायवेला लागताना डाव्या हाताला ट्रक तोलायचा काटा आहे, जमिनीत बसवलेली मोठी लोखंडी पाटी आणि केबिनवर लाल आकड्यांची काच. चौघांना ओढून त्या पाटीवर आणलं. दहा मिनिटांत पाच-सहाशे लोक झाले. खोल्यांतून आलेली पोरं, आमची गावातली पोरं, चहाच्या टपरीवरचे. निम्म्यांना गणराज कोण ते माहीत नव्हतं. ओंकार केबिनच्या पायरीवर चढून लाइव्ह दाखवत होता आणि मी ऑफिसात बसून तेच बघत होतो. ताई शेजारी उभ्या होत्या.

चिमाजी हात जोडून सांगत होता, की माझं आधारकार्ड बघा, गावात कुणालाबी इचारा. ओंकारनं टेम्पोतलं पोतं उपसलं. काळे, पांढरे, मेंदीचे तांबूस केस हवेत उडाले. आणि त्यातून वेणी निघाली. त्यानं ती कॅमेऱ्यापुढं धरली, हिरवी रिबन हलवली आणि म्हणाला, "बघा, ही कुणाच्या लेकीची वेणी आहे? ती पोरगी कुठं आहे आता?"

त्यानंतर जो आवाज उठला तो मोबाईलमधूनही आला आणि खिडकीतूनही आला.

माझा फोन वाजला. मंजुषा होती. "अहो, ती आपल्या तनूची वेणी आहे," ती म्हणाली. "सांगा ना कुणालातरी."

मी म्हणालो, "गप्प बस. फोन ठेव."

गावातल्या प्रत्येक घरात त्या वेळी बाया मोबाईल बघत होत्या. प्रत्येकीला आपले केस ओळखू आले असणार. प्रत्येकीला वाटलं असणार, दुसरी कुणीतरी सांगेल. मला मात्र तसंही वाटलं नाही. मला एवढंच वाटलं, की वेणी आमची म्हटलं तर पाचशे माणसं आमच्या दाराशी येतील.

मंजुषेचा फोन ठेवतो न ठेवतो तोच ऑफिसचा फोन वाजला. नानासाहेबांची सून. गणराज सापडला होता. शेजाऱ्यांच्या स्कूल व्हॅनमध्ये मागच्या सीटवर झोपला होता, हातात फुटलेला फुगा. सून रडत-हसत होती. ताईंनी फोन माझ्या हातात कोंबला आणि बटणाकडं हात नेला.

मी त्यांचा हात धरला. म्हणालो, "ताई, दोनदा खात्री. तुमचाच नियम आहे."

मी म्हणालो, सून भेदरलेली आहे, काहीही बोलेल, नानासाहेबांकडून एकदा ऐकू आणि मग सांगू. मी नानासाहेबांना फोन लावला. ते वजनकाट्यावर होते, फोन उचलेनात. पुन्हा लावला. पुन्हा. ताई म्हणत होत्या, आबाभाऊ, सोडा, मी बघून आले म्हणून सांगते. मी म्हणत होतो, खोटं सांगणार का? त्या म्हाताऱ्याची घोषणा केली होती तशी? मी असं म्हणालो. मोबाईलच्या पडद्यावर काय चाललंय ते आम्हा दोघांना दिसत होतं. ती चौदा मिनिटं होती. नंतर पोलिसांनी मोबाईल कंपनीकडून फोनचा तपशील काढला, त्यात मी नानासाहेबांना अकरा वेळा फोन लावल्याची नोंद आहे, आणि तपास अधिकाऱ्यानं माझी पाठ थोपटली.

बाराव्या वेळी ताईंनी माझ्या हाताला चावा घेतला आणि बटण दाबलं. "गणराज सापडला आहे. मूल घरी सुखरूप आहे. त्या माणसांना सोडा." हे त्यांनी सात वेळा सांगितलं. जन्मात पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला.

वजनकाट्यावर ते ऐकू गेलं. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. मार बसला म्हणून टोळीनं मूल सोडलं, असा त्यांनी अर्थ लावला, आणि ओंकारनं तेच पडद्यावर लिहिलं: 'चोप मिळताच मूल परत'. मग आणखी मारलं. मग टेम्पो पेटवला. बाकीची पोती आतच होती. केस जळण्याचा वास तुम्हाला माहीत असेल. तो दोन दिवस गावात होता, भाकरीलाही येत होता.

ओंकारच्या व्हिडिओत मागं ती लाल आकड्यांची काच दिसते. माणसं पाटीवर चढली की आकडा वाढतो, उतरली की कमी होतो. सगळ्यात जास्त तीन हजार चारशेपर्यंत गेलाय. सायरन ऐकून लोक पांगल्यावर आकडा झपाझप उतरला आणि दोनशे तीसवर येऊन थांबला. चौघांचं तेवढंच होतं.

संध्याकाळपर्यंत मोठ्या चॅनेलांच्या गाड्या आल्या. त्यांनी गावाला नावं ठेवली, माणुसकीला काळिमा वगैरे. एक निवेदिका अफवांवर विश्वास ठेवू नका म्हणून कळवळून सांगत होती, आणि तिच्या मागं तीच वेणी चक्राकार फिरत होती, भोवती लाल वर्तुळ, खाली 'वेणीचं गूढ कायम'. सुमनताईंना त्यांनी माईकपुढं बसवलं आणि म्हणाले, ती घोषणा परत म्हणा, जशीच्या तशी, जरा भावना घालून. ताई उठून मोरीत जाऊन ओकल्या. मग मी बटण दाबून दाखवलं. माझा हात राज्यभर दिसला, त्यावरचा चाव्याचा वळसुद्धा. बारा दिवसांनी हायवेवर दुसरं काहीतरी घडलं आणि गाड्या तिकडं गेल्या.

अटक एकतीस जणांना झाली. त्यातली वीस खोल्यांतली पोरं. त्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांच्यासाठी जामीन द्यायलाही कुणी आलं नाही. अकरा गावातली. ओंकारला हात लागला नाही. तो पत्रकार, आणि शिवाय साक्षीदार.

सप्टेंबरात चिमाजीची सून आली. करिष्मा, भैरूची बायको. विशीतली असेल. पंचायतीच्या पायरीवर सकाळपासून बसून होती. नानासाहेब मागच्या दारानं गेले. सुमनताई तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि तिनं जे सांगितलं ते मी खिडकीतून ऐकलं. त्यांच्या वस्तीतल्या सव्वाशे घरांचा धंदा बंद झाला होता. कुठंही गेलं की लोक मोबाईल काढून तो व्हिडिओ तोंडापुढं धरतात. पोरी पळवून वेण्या कापणारे हेच. तिच्या धाकट्या दिराला शाळेतून काढून आणावं लागलं. आरोपींचे वकीलही तेच म्हणत होते, की वेणी बघून लोकांचा समज झाला, त्यांचा काय दोष.

"मला पैसा नको," करिष्मा म्हणाली. "ज्या भोंग्यातून आमचं नाव घेतलं, त्याच भोंग्यातून एकदा सांगा, केस तुमीच दिले व्हते म्हून. माझा मालक चोर नव्हता एवढं गावाला ऐकू जाऊ द्या."

ताई म्हणाल्या, सांगेन. पण एकटीनं नाही, सगळ्या मिळून सांगू, म्हणजे कोर्टातही उभं राहता येईल.

त्या नऊ दिवस घरोघर हिंडल्या. बाया पाणी द्यायच्या, बस म्हणायच्या आणि केसांचं नाव निघालं की कानावर हात ठेवायच्या. आमच्यात केस ठेवतच नाहीत, आमच्यात अशुभ मानतात, आमच्या हे रागावतील. माझ्या घरीही आल्या. मंजुषेनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, आमच्याकडं ही पद्धत नाही. ताईंनी खिडकीतल्या बिस्किटाच्या डब्याकडं पाहिलं, मग शेगडीवरच्या कढईकडं पाहिलं. तनुजाला त्यांनी तान्ही असल्यापासून खेळवलेलं. हिरव्या रिबनची वेणी घालून ती शाळेला जाताना रोज ऑफिसच्या खिडकीत डोकावून त्यांना हाक मारायची. त्यांनी पाणी संपवलं, बरं म्हणाल्या आणि गेल्या.

फेब्रुवारीत गावातल्या अकरा पोरांना जामीन झाला. रविवारी सकाळी दहाला त्यांची मिरवणूक. फ्लेक्सवर अकरा चेहरे, वर 'धामणजाईचे रक्षक', खाली शुभेच्छुकांची ही रांग. डीजे, गुलाल, ओंकारचं लाइव्ह. माईकच्या कपाटाची किल्ली नानासाहेबांनी माझ्याकडं दिलेली होती. ताई आल्या आणि हात पुढं केला. मी किल्ली टेबलावर ठेवली आणि चहाला निघून गेलो. डीजेच्या दणक्यात कुणाला ऐकू जाणार नाही, असा माझा हिशेब होता. तेवढंच माझं धैर्य.

पण मिरवणूक पंचायतीपुढं आली आणि हार घालायला डीजे थांबवला. नेमकं तेव्हाच भोंग्यातून आलं: ऐका, ऐका, ऐका. टपरीवरच्या माणसांनी सवयीनं टोप्या काढल्या.

"दुःखद बातमी," ताई म्हणाल्या. "चिमाजी, त्यांचे मुलगे भैरू आणि हाणमंत, जावई लखू, राहणार जिल्हा परभणी, यांना आपल्या गावानं वजनकाट्यावर ठार मारलं. ते केस घ्यायला आले होते. केस माझे होते. गावातल्या बायांचे होते. वेणीसुद्धा गावातलीच होती, खुशीनं दिलेली. मी खात्री न करता बोलले. त्यांची क्षमा मागायला आजही वेळ आहे."

नाव त्यांनी एकाही बाईचं घेतलं नाही. आपलं सोडून.

संध्याकाळी 'धामणजाई लाइव्ह'वर बारा सेकंदांचा तुकडा आला. "केस माझे होते. वेणीसुद्धा." वर लाल अक्षरं: 'टोळीची साथीदार गावातच? शिपाई बाईची कबुली'. ओंकारनं कात्री कुठं लावली ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं, कारण सगळ्या गावानं ती घोषणा सकाळी कानांनी ऐकली होती. तरी सात-आठ तासांत लोकांना कान खोटे आणि मोबाईल खरा वाटायला लागला. मला वाटतं त्यांना तसं वाटून घ्यायचं होतं.

सोमवारी सकाळी बाया ताईंच्या दारावर गेल्या. पुरुष कुणी नव्हता, हे विशेष. तीस-चाळीस बाया, ज्यांचे केस त्या पोत्यात होते त्याच. ताईंना अंगणात आणलं आणि त्यांची वेणी मानेपासून कापली. गटारात टाकली. ताई ओरडल्या नाहीत, असं म्हणतात; त्यांनी एकेकीच्या तोंडाकडं बघितलं फक्त. मंजुषा घरी आली आणि तिनं आधी आंघोळ केली. कात्री कुणाची होती ते मी विचारलं नाही. आमची सापडत नाही, एवढं खरं.

पंचायतीनं ताईंना गैरवर्तनाची नोटीस दिली. मीच टाइप केली. तेजस्विनी येऊन त्यांना देहूरोडला आपल्या घरी घेऊन गेली. आता गावात घोषणा मशीन करतं; पुण्याहून रेकॉर्ड करून आणलेला एका पोरीचा गोड आवाज आहे. कुणी मेलं की लोक तो ऐकतात, आणि मग खरंच गेला का म्हणून फोन करून विचारतात.

गेल्या आठवड्यात खटल्यासाठी नवे तपास अधिकारी घरी आले. सभ्य माणूस. चहा घेतला. म्हणाले, सुमनताईंनी जबाबात वेणी गावातल्याच मुलीची आहे असं सांगितलंय, पण नाव सांगायला तयार नाहीत. ज्याची आहे तो सांगेल, माझा गावावर भरवसा आहे, एवढंच म्हणतात. वेणी कुणाची ते ठरलं तर आरोपींचा सगळा बचाव कोसळतो आणि मेलेल्यांवरचा डागही जातो. मग त्यांनी बॅगेतून पारदर्शक पाकीट काढून टीपॉयवर ठेवलं. हिरवी रिबन अजून चमकत होती. मंजुषा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

तनुजाचा शाळेतला फोटो मी आदल्या दिवशी भिंतीवरून काढून ठेवला होता. त्या जागी रंगाचा स्वच्छ चौकोन राहिला होता आणि वर खिळा. साहेबांनी त्या चौकोनाकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहिलं.

"ही तुमच्या मुलीची आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"खात्री आहे?"

मंजुषा आत गेली. कढई खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हो," मी म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मी सही केली.